भावाच्या रायफलीवर कोणता स्कोप? आधी डोळा तपासा, मग काच घ्या

जुळे सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र:

"सर नमस्कार. माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो, सॅन अँटोनियोच्या बाजूला. त्यानं तिकडं एआर-१५ घेतलीय, सेमी ऑटो, .२२३ च्या गोळीची. त्याच्या मित्राच्या रानात डुकरं लई झाल्यात, संध्याकाळी मचाणावर बसून मारायची म्हणे, अंतर शंभर यार्ड, आणि सुट्टीला रेंजवर थोडी प्रॅक्टिस. आधी रेड डॉट लावला तर त्याला ठिपका नीट दिसतच नाही, शेपूट फुटल्यासारखा दिसतोय, म्हणून आता ५-२५ चा मोठा स्कोप घेतो म्हणतोय. मी म्हटलं थांब, सोलापुरातनं विचारून सांगतो. दुसरं, दिवाळीला येताना माझ्या एअर रायफलीला पण एक चांगला स्कोप बॅगेत टाकून आण म्हटलंय, चालतंय ना? पोरगी आठवीत आहे, एअर रायफल शिकायला जाते, तिला पण होईल. आणि मोहोळला आपलं शेत आहे, तिथं पण डुकरं येतात, एअर रायफलीनं काही होतंय का?"

नमस्कार मालक,

आज रात्रीच भावाला व्हिडिओ कॉल लावा आणि ते ५-२५ चं खूळ डोक्यातनं काढायला सांगा. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर, त्याला पंचवीस पट मोठं करून बघायचंय काय? डुकराच्या अंगावरचे केस मोजायचेत का? आपल्याकडं लोकांना वाटतं जितके एक्स, म्हणजे जितके पट मोठं, तितका नेम चांगला, कॅमेरा घेताना पण तेच, मोबाईल घेताना पण तेच. नेम चांगला होत नाही ओ, फक्त आपला हात किती हलतोय ते मोठं होऊन दिसतं, आणि ते बघून माणूस अजून घाबरून ट्रिगर ओढतो.

आता आकड्यात सांगतो म्हणजे त्याला पटवता येईल. १-६ चा स्कोप एकवर ठेवला की शंभर यार्डावर साधारण शंभर-एकशे दहा फूट रुंदीचं रान दिसतं, सहावर नेला तरी अठरा-वीस फूट. तो ५-२५ वाला घेतला तर त्याचं कमीत कमीच पाच, तिथं चोवीसेक फूट, आणि पंचवीसवर नेला तर जेमतेम पाच फूट, म्हणजे एक डुक्कर आणि खेळ खलास. आणि डुकरं काय एकटी येत नाहीत, कळप येतो, पहिली गोळी झाली की चारी दिशेला फुटतात. सेमी ऑटो रायफल घेतलीच कशासाठी, तर बोल्ट ओढत न बसता दुसरी गोळी लगेच टाकता यावी म्हणून ना? मग दुसरं डुक्कर कुठं पळालं तेच दिसणार नसेल तर त्या सेमी ऑटोचा उपयोग काय, साधी बोल्ट ॲक्शन घेतली असती तर पैसे तरी वाचले असते.

अजून एक गोष्ट तुम्हाला सोलापुरात बसून कळेल, पुण्यावाल्याला समजवावी लागते. मे महिन्यात दुपारी होटगी रोडला लांबवर डांबरावर पाणी हलताना दिसतं ना, ते मृगजळ स्कोपमधनं पण दिसतं, आणि जितके एक्स वाढवाल तितकं ते पण वाढतं. टेक्सासचा उन्हाळा काय आपल्यापेक्षा कमी नाही. वर सेमी ऑटोनं पटापट दहा-पंधरा गोळ्या टाकल्या की नळीच तापते आणि नळीवरची गरम हवा स्कोपसमोर लहरी मारायला लागते, पंचवीस एक्सवर टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. रेंजवर निवांत कागदावर मारणाऱ्याला मोठा स्कोप ठीक, तो थांबू शकतो, डुक्कर थांबत नाही.

आता त्या शेपूट फुटलेल्या ठिपक्याकडं येऊ, कारण सगळा घोळ तिथनं सुरू झालाय. रेड डॉट म्हणजे आत एक बारीक एलईडी असतो, त्याचा उजेड समोरच्या वाकड्या काचेवर आपटून डोळ्यात येतो, बास एवढंच. मोठं काही दिसत नाही, एकास एकच, पण डोळा कुठंही ठेवा ठिपका दिसतो आणि चांगल्या कंपनीचा असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं जाते, एमपॉइंटचे काही मॉडेल तर ५०,००० तास चालतात. स्वीडनच्या या कंपनीनं सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणला, तेव्हापासून जवळच्या कामाला याच्याइतकं सोपं काही नाही. पण ज्याच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम, आहे त्याला तो ठिपका गोल दिसत नाही, कोणाला स्वल्पविराम दिसतो, कोणाला फुटलेला तारा, कोणाला द्राक्षाचा घड. भावाचा ठिपका फुटतोय म्हणजे बहुतेक डोळ्याचंच काम आहे, पण रेड डॉट फेकून द्यायच्या आधी तपासायला सांगा. रायफल रिकामी, मॅगझिन काढलेलं, चेंबर दोनदा बघितलेलं, मग रेड डॉटच्या मागं मोबाईल धरायचा आणि ठिपक्याचा फोटो काढायचा. फोटोत गोल आला तर डोळा दोषी, फोटोत पण फाटका आला तर वस्तूच खराब, परत द्या. दुसरी खूण म्हणजे रायफल आडवी करून बघायची, शेपूट रायफलीबरोबर फिरलं तर काच खराब, शेपूट आहे तिथंच राहिलं तर डोळा. आणि ब्राइटनेस कमी करून बघितला का विचारा. संध्याकाळी फुल ब्राइटनेस ठेवला तर चांगल्या डोळ्याला पण ठिपका फुटलेलाच दिसणार, लोक हे विसरतात आणि दुकानदाराशी भांडतात.

डोळा निघाला तर आधी चष्मा. चष्म्यात सिलिंडर बरोबर घातलेलं असेल तर बऱ्याच जणांचा ठिपका सुधारतो, तुमचा भाऊ जुनाच चष्मा घालून फिरत असेल तर दोनशे डॉलरच्या स्कोपआधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाणं फायद्याचं. तरी नाही जमलं तर मग अशी काच घ्यायची ज्यात खूण उजेडाची नसून काचेवर कोरलेली असते. म्हणजे प्रिझम (आत लोलक बसवलेला छोटा स्कोप) किंवा एलपीव्हीओ (एक एक्सपासून सुरू होणारा स्कोप). कोरलेली काळी रेघ सिलिंडरवाल्या डोळ्याला पण बरीच सरळ दिसते आणि मागची रिंग फिरवून स्वतःच्या नंबराप्रमाणे फोकस पण करता येते. एवढं ध्यानात ठेवा की ती रिंग साध्या नंबराला मदत करते, सिलिंडर काय ती काढत नाही, पण फरक पडतो, चांगला पडतो.

होलोग्राफिक पण कोणीतरी सुचवेल त्याला, इओटेक वगैरे. लेसरनं बनवलेलं मोठं गोल आणि मध्ये ठिपका, काही जणांच्या डोळ्याला रेड डॉटपेक्षा बरं दिसतं, काहींना तरी पण धूसर. महाग, आणि बॅटरी रेड डॉटच्या मानानं लवकर संपते. २०१५ मध्ये या इओटेकच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं अमेरिकन सरकारला अडीच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरून प्रकरण मिटवलं होतं, गरम-थंड हवेत नेम सरकतो हे माहीत असून सांगितलं नाही असा आरोप होता. आताचे मॉडेल चांगले आहेत म्हणतात वापरणारे, पण शंभर यार्डाच्या डुकराला ते माझी पहिली पसंती नाही.

माझं मत विचाराल तर भावानं १-६x२४ (एक ते सहा एक्स, समोरची काच २४ मिलिमीटरची) एलपीव्हीओ घ्यावा, आत लाल उजेडाची सोय असलेला, सेकंड फोकल प्लेनवाला. एलपीव्हीओ एकवर ठेवला की जवळपास रेड डॉटसारखा, दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं, आणि सहावर नेला की लांबचं दिसतं. फर्स्ट की सेकंड फोकल यावर लोक तासन् तास वाद घालतात. फर्स्टमध्ये एक्स वाढवले की खूण पण मोठी होते, त्यामुळं एकवर ती इतकी बारीक होते की झाडीत हरवते. सेकंडमध्ये खूण कायम तेवढीच, फक्त लांबच्या नेमासाठी असलेल्या खालच्या रेघांची मापं सर्वात वरच्या एक्सवरच खरी. भावाला शंभर यार्डावर खालच्या रेघा लागणारच नाहीत. मग कशाला जास्त पैसे.

१-८, १-१० पण मिळतात, अमेरिकन सैन्य पण आता त्याच वाटेनं चाललंय, मरीन कोअरनं २०२० मध्ये ट्रिजिकॉनचा १-८ घेतला आणि आर्मीनं २०२२ मध्ये व्होर्टेक्सला नव्या रायफलीसाठी कंत्राट दिलं, तो पण १-८ च, आत कॉम्प्युटर बसवलेला. पण त्यांना पाचशे-सहाशे मीटरवर माणूस ओळखायचाय. संध्याकाळच्या डुकराला वेगळा हिशोब लागतो आणि तो कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. समोरच्या काचेचा व्यास भागिले एक्स, जेवढे मिलिमीटर येतील तेवढा उजेडाचा गोळा डोळ्यात शिरतो. २४ भागिले ६ म्हणजे ४ मिलिमीटर. चाळिशीच्या माणसाची बाहुली अंधार पडताना पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे सहावर चित्र थोडं काळपट. तेच ४ एक्सवर आणलं की २४ भागिले ४, सहा मिलिमीटर, चित्र एकदम उजळ. दिवस मावळला की भावानं रिंग चारवर आणायची, फुकटात पाचेक मिनिटं जास्त मिळतात, आणि डुकरं यायची वेळ नेमकी तीच. आता तो ५-२५ वाला ५६ ची काच असली तरी पंचवीसवर किती? सव्वादोन मिलिमीटर. दिवेलागणीला त्यात काय दिसणार, अंधार.

लाल उजेड का पाहिजे ते पण यातच आलं. काळं डुक्कर, काळोखात, त्याच्यावर काळी रेघ, दिसणार कशी? पण उजेड अगदी बारीक करता आला पाहिजे, दुकानात भर दिवसा झगझगीत दिसतो म्हणून खूश होऊ नका, सगळ्यात कमी सेटिंग किती कमी होतं ते खोलीतला लाइट बंद करून बघा. पूर्ण अंधारात मारायचं असेल तर मग थर्मल (अंगाच्या उष्णतेवरनं दाखवणारा स्कोप) लागतो, तो वेगळाच खर्च, आणि तिथला रात्रीचा नियम मित्राला विचारून घ्यायचा.

प्रिझम हा दुसरा चांगला पर्याय, ३ एक्सचा, छोटा, हलका, आणि सिलिंडरवाल्यांचा लाडका. पण त्यात एक्स बदलत नाहीत आणि डोळा जवळ न्यावा लागतो. जुना ४ एक्सचा एकॉग (ट्रिजिकॉनचा प्रिझम स्कोप) कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर दोन गोष्टी बघायला सांगा. एक, डोळा काचेपासून दीड इंचावर ठेवावा लागतो, नाक रायफलीच्या मागच्या चार्जिंग हँडलला टेकतं, चष्मेवाल्याला वैताग. दुसरं, त्यातला उजेड ट्रिटियमचा (किरणोत्सारी वायूचा) असतो आणि ट्रिटियम साधारण बारा वर्षांत निम्मा होतो, म्हणून वस्तूवर साल बघून घ्यायचं.

कंपनी कोणती म्हणाल तर व्होर्टेक्स स्ट्राइक ईगल किंवा प्रायमरी आर्म्सचा एसएलएक्स, दोन्ही १-६, मधल्या बजेटचे. प्रायमरी आर्म्स तर टेक्सासचीच, ह्यूस्टनची, आणि व्होर्टेक्सची तिकडं आयुष्यभराची वॉरंटी आहे. याच्यापेक्षा महाग घेतला तर काच नक्कीच चांगली मिळते, पण डुकराला फरक कळत नाही.

आता जिथं सगळे कंजूषपणा करतात ते, माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर बसवायची पकड. चारशे डॉलरचा स्कोप घेतात आणि तीस डॉलरच्या माउंटवर बसवतात, म्हणजे नवी बुलेट गाडी घेऊन तिला सायकलचं टायर घालायचं झालं. सेमी ऑटोमध्ये प्रत्येक गोळीला आतला बोल्ट कॅरियर मागं जातो, आपटतो, परत पुढं येऊन आपटतो, हे सगळे धक्के माउंटच्या स्क्रूवर. एआर-१५ ला कँटिलिव्हर माउंट घ्यायचा, म्हणजे पुढं झुकलेला, एकाच तुकड्याचा. कारण असं की रिसीव्हरवरची (रायफलीच्या मधल्या धडावरची) रेल आखूड आहे आणि स्कोप डोळ्यापासून तीन-चार इंच पुढं हवा, म्हणून लोक काय करतात, सुट्या दोन रिंगा घेतात आणि मागची रिसीव्हरवर, पुढची हँडगार्डवर (नळीभोवतीच्या पकडीवर) लावतात. तसलं करायचं नाही. हँडगार्ड तापला, त्यावर हात दाबला, तो थोडा वाकतो आणि झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, गेला. पूर्ण माउंट रिसीव्हरवरच.

बसवायची रीत अशी. स्कोप सहावर ठेवायचा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची जशी सवयीनं लावतो तशी, मग डोळे उघडायचे. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप मागं-पुढं सरकवायचा, मान नाही सरकवायची. मग मागच्या रिंगेनं खूण फोकस करायची, आभाळाकडं किंवा पांढऱ्या भिंतीकडं बघून, एक नजर टाकायची आणि लगेच काढायची, टक लावून बघत बसलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं झालं बरोबर. स्क्रू टॉर्कच्या पान्यानं माउंटच्या कागदावर लिहिलंय तेवढेच आवळायचे, अंगातला जोर काढायचा नाही, स्कोपची नळी दबते. आणि शेवटी वहिनींची नेलपॉलिश घ्यायची, स्क्रूच्या डोक्यावरनं माउंटवर येईल अशी एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, डोक्याला ताप नाही.

झिरो पन्नास यार्डावर करू दे. .२२३ ला ते सोयीचं पडतं, पन्नासला मध्यावर लागली तर शंभरला दीडेक इंच वर आणि दोनशेच्या आसपास परत जागेवर. फक्त एवढं की एआरवर स्कोप नळीच्या अडीच इंच वर बसतो, त्यामुळं दहा यार्डावर डुक्कर आलं तर गोळी दिसतं त्याच्या दोन इंच खाली लागते. नवीन माणसाला हे कळत नाही आणि तो टरेट (नेम सरकवायचं बटण) फिरवत बसतो. डुकराचं काळीज पण हरणासारखं मागं नसतं, पुढच्या पायाच्या रेषेत, खाली असतं. आणि डुकराच्या मागं काय आहे ते आधी बघायचं, स्कोपमधनं नाही, नुसत्या डोळ्यांनी, मित्राची गुरं असतील, पलीकडं रस्ता असेल.

आता तुमचं बॅगेचं. नाही चालत, अजिबात नाही. रायफल स्कोप ही अमेरिकेच्या एक्स्पोर्ट कायद्यात नियंत्रित वस्तू आहे, परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, भावासाठी असो की गिफ्ट असो. तिकडं दुकानात सहज मिळतं म्हणून लोकांना वाटतं चष्म्यासारखं आहे, पण विमानतळावर सापडलं तर तुमच्या दीड-दोन हजारांच्या बचतीपायी त्याचं ग्रीन कार्ड अडचणीत यायचं. आणि त्याला हे पण सांगा की तिकडचे रायफलीसोबतचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून पुतण्यांना 'येताना आणतो' वगैरे म्हणू नको. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तसली सेमी ऑटो रायफल साध्या लायसन्सवर मिळतच नाही, आणि लायसन्सवाल्याला पण २०१९ पासून दोनच हत्यारं ठेवता येतात.

तसंही तिकडचा एआरचा स्कोप तुमच्या एअर रायफलीला लागूच पडत नाही. तो शंभर यार्डाच्या हिशोबानं बनवलेला असतो, दहा मीटरवर चित्र धूसर आणि डोळा थोडा हलला की नेम हलतो, याला पॅरॅलॅक्स म्हणतात. तुमची स्प्रिंगवाली असणार. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीचा धक्का विचित्र असतो, आधी मागं बसतो आणि पिस्टन पुढं जाऊन आदळला की उलटा पुढं ओढतो. खऱ्या रायफलीवर टिकलेला महागडा स्कोप पण या उलट्या धक्क्यानं आतनं खुळखुळा होऊ शकतो. म्हणून इथंच मिळणारा, एअरगनसाठी म्हणून बनवलेला, ३-९x३२ किंवा ४x३२, पुढं फोकस रिंग असलेला आणि ती रिंग दहा यार्डापर्यंत येणारी असा घ्या. रेल ११ मिलिमीटरची खाचेची असते, माउंट मागं सरकत जातो, म्हणून खाली स्टॉप पिन असलेलाच माउंट मागा.

पोरीसाठी मात्र स्कोप घेऊ नका. १० मीटर एअर रायफलच्या मॅचमध्ये दुर्बीण चालतच नाही, मागं बारीक भोकाचं डायॉप्टर आणि पुढं रिंग, एवढ्यावरच दहाचा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधायचा असतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरवर ब्राँझ घेतलं, ते पण स्कोपशिवायच. आत्ता घरी स्कोपची सवय लागली तर तिथं जाऊन सगळं परत शिकावं लागेल तिला. तेवढ्या पैशात चांगलं शूटिंग जॅकेट येत नाही, पण एक ग्लोव्ह आणि भरपूर पेलेट येतील, आणि तिचे सर काय म्हणतात ते विचारा, माझं नको.

राहिलं मोहोळ. टेक्सासमध्ये ती डुकरं म्हणजे स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं आणि नंतर शिकारीसाठी सोडलेली युरोपातली रानटी डुकरं यांची मिसळ, तिथला कायदा त्यांना शिकारीचा प्राणी धरतच नाही. आपलं रानडुक्कर इथलंच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं, परवानगीशिवाय मारलं की गुन्हा. एअर रायफलीच्या पेलेटनं तर ते मरणार पण नाही, जखमी होऊन उसात बसेल आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या गड्याच्या अंगावर येईल. पिकाची नुकसानभरपाई वनखात्याकडनं मिळते. पीक उभं असतानाच, मोडलेलं दिसतंय तोवर फोटो काढा, सातबारा जोडून अर्ज द्या आणि पंचनाम्याला मागं लागा, कापणी झाल्यावर गेलात तर कोणी विचारणार नाही.